पानी पिऊस्तर माल आपला

त्या दिशी सकाळी दादा घोंगड्याची घडी घालायचा, परत उलगडायचा, परत घालायचा. म्या चुलीपुढं भाकरी करूलालते. म्या म्हनलं, "दादा, घोंगडं बांधूलालास का नवरीला नेसवूलालास?"

तर म्हनला, "नवरीच हाय गजरे. सासरी पोचवून येतो."

घडीत भंडाऱ्याची चिमूट सोडली. मग घोंगडं जुन्या धोतरात गुंडाळलं अन् वरनं सुतळी आवळली. म्या भाकरी अन् शेंगाची चटनी फडक्यात बांधून दिली, ती तेनं पिशवीत टाकली. आमच्या तेरच्या स्टँडापस्तर मी संगं गेले, कारन तेला चालताना दम लागायचा. दर थोड्या वाटंनं थांबायचा अन् कुनाच्या तरी वट्ट्याला टेकून मानसाला हाक मारल्यावानी करायचा, म्हंजी मला वाटावं बोलायसाठी थांबलाय. गाठोडं काय मला घेऊ दिलं न्हाय.

गाडी आली. कंडक्टर वळखीचा. तो म्हनला, "बिरदेवमामा, गाठोड्याचं तिकीट काढायचं का?"

"काढ की. खिडकीपशी बशिव पन, पहिल्यांदाच पुनं बघायला चाललंय."

समदी गाडी हसली. दादाबी हसला. तेला हसताना बघितलं ते शेवटचं.

धाराशिवला उतरल्यावर फोन आला. "पुन्याची गाडी लागायची हाय अजून. चहा पिलो. मॅडमच्या दारात माल पोचला, पानी पिलो, की फोन करतो. मग आपला दिग्विजय ग्रुपवर लिहील." एवढंच बोलला. त्येच्यानंतर फोन आला तो तेच्याच नंबरवरनं, पन आवाज दुसऱ्याचा. स्टँडावर चहाचा गाडा हाय शिवप्पाचा, तो बोलूलालता. "मावशी, ह्यो नंबर तुमच्याकडं लागला. ह्ये म्हातारं मानूस बाकड्यावर बसल्याबसल्या कलंडलंय."

सरकारी दवाखान्यात पोचलो तवर झालं व्हतं. डाक्टर म्हनले काळीज थांबलं. शिवप्पानं गाठोडं गाड्यावर वरच्या फळीवर ठिवलं व्हतं, ते माज्या हातात दिलं अन् म्हनला, "सुतळीबी सुटली न्हाय बगा मावशी." बिचाऱ्याला वाटलं, गाठोडं कुनी चोरलं का ह्याचा मला घोर असंल.

आता कुनी म्हनंल, एवढ्या वयाचं दमेकरी मानूस एकटं घोंगडं घिऊन पुन्याला कशाला निघालतं. तेच सांगायसाठी ह्ये लिहूलाले. माजी शाळा चौथीपस्तर. बोलते तसंच टाइप करूलाले. दादाच्या लेकीनं, शिवकन्येनं, सासरच्या गावाहून, ईटहून आली तवा फोनमधी मराठी अक्षरं लावून दिली. चुकलंमाकलं समजून घ्या.

आमचं घर मेंढरामागचं. बापाच्या येळंला पावसाळा सरला की मेंढरं घिऊन बाहीर पडायचं ते उन्हाळ्यातच परत. दादानंबी लई वर्सं तेच केलं. मग गुडघं गेलं, वहिनी गेली, तवा तेनं मेंढरं कमी केली अन् परसदारी माग घातला. आमचा बाप घोंगडी इनायचा, तेचंच बघून दादा शिकलता. माजं मालक वारल्यावर मी माहेरी आले. तवापासनं कातायचं माजं अन् इनायचं तेचं. मी चरख्यावर, तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून. दिसभर भांडायचं. तो म्हनायचा, "गजरे, सूत जाड आलंय, ह्येचं घोंगडं व्हईल का बैलाची झूल?" मी म्हनायची, "तुज्यापुढं कुनी बी बैलच."

आता तेच्या येका गोष्टीबद्दल सांगते, कारन पुढं समदं त्येच्यावरनंच झालं.

मेंढरू इकलं, पैसं आलं, म्हनून ते इकलं असं दादा धरायचा न्हाय. नव्या दारात मेंढरू बावरतंय, पान्याला तोंड लावत न्हाय. तेनं पानी पिलं म्हंजी ते त्या घरचं झालं. तवर ते आपलं. वाटंत मेलं, हरवलं, लांडग्यानं नेलं, तर नुकसान इकनाऱ्याचं. आमच्या बापाचं असं व्हतं, दादाचंबी तसंच. म्हनून मेंढरू इकलं की तो सवता घेनाऱ्याच्या दारापस्तर जायचा अन् ते पानी पिऊस्तर बसून ऱ्हायचा. कुनी जेवा म्हनलं तर जेवायचा पन न्हाय, तेनं पिल्याबिगर.

येकदा बेंबळीच्या धोंडीबानं मेंढी घेतली. दादाला ताप व्हता, म्हनून धोंडीबा सवताच दोरी धरून घिऊन गेला. वाटंत ट्रकच्या भोंग्याला मेंढी बुजली अन् चाकाखाली गेली. दुसऱ्या दिशी धोंडीबा नुस्तं सांगायला आलता. दादा अंथरुनातनं उठला अन् वाड्याचं फाटक उघडलं. "घे, कोनती घेतूस ती."

धोंडीबा म्हनला, "आरं पाव्हण्या, दोरी माज्या हातात व्हती."

"पानी पिलती का?"

"कुठनं पिईल? वाटंतच गेली."

"मग मेंढी माजी मेली. तू कशाला रडतूस?"

धोंडीबा ह्ये बाजारात समद्यांना सांगून हसायचा. पन मेंढरू घ्यायचं झालं की लोक आधी आमच्याच वाड्यात यायचे.

आता दिग्विजय. दिग्विजय दादाच्या चुलत भावाचा ल्योक. तेचा बाप लवकर गेला, मग तेरच्या शाळंत असताना आमच्याच घरी ऱ्हायलता. दादाच्या ताटात जेवलेलं पोरगं. आता धाराशिवात तेचं मोबाईलचं दुकान हाय. तेनं फोनवर एक ग्रुप काढला, मायमातीचा लिलाव म्हनून. जुनी पितळंची भांडी, पाटं-वरवंटं, हातानं केलेल्या वस्तू, असलं काय काय तिथं दावायचं अन् लोक बोली लावायचे. पुन्या-मुंबईचे लोक लई त्यात.

दिवाळीच्या आधी तो घरी आला. मागावर जावळाचं घोंगडं व्हतं. जावळाचं म्हंजी कोकराची पहिली लोकर उतरवून केलेलं, लई मऊ येतंय अन् वरसातनं येखादंच व्हतंय. दिग्विजय हात फिरवून म्हनला, "आप्पा, ह्ये बाजारात घालवू नका. माज्या ग्रुपवर टाकू."

तेनं दादाचा फोटो काढला. फेटा बांधून, घोंगडं खांद्यावर घिऊन, वाड्यापुढं. फोटो लई झाक आलता. दादा तो फोटो फोनात सारखा काढून बघायचा, अन् मी बघितलं की फोन उलटा ठिवायचा.

ग्रुपचे नियम दिग्विजयनं वाचून दावले. इकनाऱ्यानं अन् घेनाऱ्यानं एकमेकाला थेट फोन करायचा न्हाय, काय असंल ते ॲडमिनला सांगायचं. ॲडमिन म्हंजी दिग्विजय. अन् माल कुरियरला दिला की इकनाऱ्याचा जिम्मा संपला, पुढं घेनाऱ्यानं बघायचं.

दादा म्हनला, "ह्ये उलटं हाय."

दिग्विजय हसला. "आप्पा, ह्यो मेंढराचा बाजार न्हाय. तुमच्याच फायद्याचा नियम हाय, अन् तुमीच नको म्हनूलालाव!"

बोलीच्या दिशी दिवे लागायला तो आला. तांब्याला टेकवून फोन उभा केला अन् आमी तिघं पुढं बसलो, व्यायला आलेल्या म्हशीपुढं बसावं तसं. आकडं वर सरकायला लागलं. दर आकड्याला दादा म्हनायचा, "लई झालं, आता थांबा म्हनावं तेंना."

"आप्पा, तुमी इकूलालाव का घेऊलालाव? गप बसा की."

मी तोंडाला पदर लावून हसूलालते. शेवटी पुन्याच्या शिवप्रिया मॅडमची बोली वर ऱ्हायली. तिनं आवाज पाठवला, "काका, माझ्या आईला असंच घोंगडं हवं होतं हो." दादानं ते बोलनं कितीबारी ऐकलं. म्हनला, "गजरे, पुन्यातबी थंडी वाजती म्हन की."

दिवाळी झाल्यावर दादा सवता धाराशिवला गेला. दिग्विजयच्या दुकानाशेजारीच कुरियरचं दुकान हाय, तिथं खोक्यात बांधून दिलं. दिग्विजयनं पावतीचा फोटो ग्रुपवर टाकला. दादा घरी आला तो रिकाम्या हातानं बसला. म्या म्हनलं, "झालं की, आता काय?" तर म्हनला, "पानी पिलं का न्हाय कसं कळायचं?"

माल पोचला न्हाय.

आधी मॅडम गोड इचारायची. मग सारखं इचारायला लागली. दिग्विजय कुरियरवाल्याकडं जायचा, तो फोनात बघून सांगायचा, वाटंत हाय, वाटंत हाय. मार्गेसर सरला तरी वाटंतच. मग ग्रुपवर जुंपली. कोन म्हनायचं पावती हाय ना, मग इकनाऱ्याचं काम झालं, मॅडमनं कुरियरवाल्याला धरावं. कोन म्हनायचं, बाईनं पैसे घोंगड्याला दिले का पावतीला? येका शहान्यानं लिहिलं, माल घरात येऊस्तर विकणाराच जबाबदार असला पाहिजे, तर दुसऱ्यानं लिहिलं, मग उद्या लोक माल घेऊन मिळालाच नाही म्हणतील. दिसभर ह्येच. दादाला वाचाया येत न्हवतं एवढं, मीच अक्षर लावून लावून वाचून दावायची.

दिग्विजयचा फोन आला. "आप्पा, तुमी कायबी बोलू नका. नियमात तुमी सुटलाव."

दादानं फोन ठिवला अन् दोन घास खाऊन उठला. मग मला म्हनला, "ते बोलायचं बटन कोनतं ग?" म्या दावलं. तेनं फोन तोंडापुढं धरला, जसं कुनाला लांबनं हाक मारायची हाय.

"रामराम. मी बिरदेव, तेरचा. मॅडमच्या दारात माल पोचला न्हाय, म्हंजी चूक माजी हाय. नुकसान माजं. म्या दुसरं घोंगडं इनून देतो. मॅडमनी काळजी करू नये."

अन् फोन मला दिऊन निवांत बिडी वडायला गेला. तेच्या मनावरनं वझं उतरलं व्हतं. तेला वाटलं, लोक धोंडीबावानी हसतील अन् मिटंल.

पन ती मानसं तसली न्हवती. तेंचं डोकं दुसऱ्या वाटंनं चाललं. येकानं लिहिलं, नियमानं सुटत असताना कोणी फुकट अंगावर घेतं का? काहीतरी पाणी मुरतंय. दुसऱ्यानं लिहिलं, चूक माझी म्हणाला, सगळ्यांनी ऐकलं ना. मग एकावर एक. काका, खोक्यात काय घातलं होतं, दगड? चोरी पचली नाही म्हणून कबूल केलं. दादाचा आवाज तेंनी कुठं कुठं पाठवला. म्या वाचत गेले अन् मधीच थांबले. दादा म्हनला, "वाच की." म्या म्हनलं, "चष्मा न्हाय." चष्मा माज्या नाकावरच व्हता.

दुसऱ्या दिशी सकाळी ग्रुपवर दादाचा फोटो आला. तोच, फेट्यातला, घोंगडं खांद्यावर घेतलेला. वर लाल अक्षरात सावधान. खाली, या विक्रेत्याशी कोणीही व्यवहार करू नये. टाकनारा दिग्विजय.

त्येच्या खाली लोकांनी तेला डोक्यावर घेतलं. ॲडमिन असावा तर असा. घरच्या चुलत्याला पण सोडलं नाही. असा माणूस असेल तर ग्रुपवर भरवसा ठेवायला हरकत नाही. मग दादाला ग्रुपमधनं काढून टाकलं. फोटो अन् सावधान तेवढं आमच्या फोनात ऱ्हायलं.

दादानं दिग्विजयला फोन लावला. म्या शेजारीच व्हते. मला वाटलं आता शिव्या घालंल. दादा एवढंच म्हनला, "फोटो तूच काढलतास की रं."

तिकडनं दिग्विजय म्हनला, "आप्पा, मानसं तापलीत. थंड झाली की काढतो. तुमी तेवढं मॅडमला फोन करू नका, ती पोलिसात जायचं बोलूलालीय."

पोलीस म्हनल्यावर दादा गारच पडला. आमच्या घरात कुनी चौकीची पायरी चढलेलं न्हाय.

गोष्ट फोनातच ऱ्हायली असती तर गिळली असती. पन पोरं समदीकडं हायेत, दादाचा आवाज फोनवर बाजारातबी वाजवूलालती. मेंढराच्या बाजारात दादा येक मेंढा घिऊन गेला तर येक येपारी दहा मानसात म्हनला, "काय बिरदेवा, मेंढा दावतूस अन् खोक्यात दुसरंच घालून देत न्हाईस ना?" लोक हसले. ज्या बाजारात तेचा शब्द म्हंजी झालं, त्या बाजारात. दादा मेंढा परत घिऊन आला. दावनीला बांधला अन् मेंढ्याच्या पाठीवर हात ठिवून बराच येळ उभा ऱ्हायला.

तवापासनं तेचा येकच ध्यास. पैसा न्हाय, माफी न्हाय. जिथं सावधान लिहिलं, तिथंच येक वळ लिहावी, की बिरदेव चोर न्हाय. दिग्विजयला म्हनला, "तेवढं कर बाबा. मला काय नको."

दिग्विजय म्हनला, "करतो की. पन आप्पा, दुसरं घोंगडं पोचू द्या, मॅडमनी मिळालं म्हनू द्या, त्याच मिन्टाला लिहितो. आत्ताच लिहिलं तर लोक म्हनतील घरचा म्हनून झाकलं."

दादाला पटलं. तेला काय, तो तर इनायला बसलाच व्हता. कोकरांची जावळ उतरवली. थंडीत उतरवू नये, पन उतरवली अन् कोकरांना घरात, आमच्याजवळ निजवलं. म्या रातध्याड कातलं. दादा खड्ड्यात उतरला की तेला वर यायला हात द्यावा लागायचा. छातीत कळ यायची, मग डोळं मिटून मागाला टेकायचा. धाराशिवच्या डाक्टरनं इश्रांती घ्या म्हनून सांगितलं, गोळ्या दिल्या. म्या म्हनलं, "दादा, सोड की. नियम तुज्याच बाजूनं हाय."

"नियम तेंचा हाय. मेंढरू माजं हाय."

असं म्हनला अन् धोटा टाकला. संक्रातीला अर्धंबी झालं न्हवतं. शिवरात्रीला मागावरनं उतरलं. मग चिंचोक्याची खळ देऊन वाळवलं. आधीच्यापरीस चांगलं झालं, खरं सांगते. म्या म्हनलं आता कुरियर. तर म्हनला, "आता कुनाच्या हातात न्हाय. मी सवता घिऊन जातो, मॅडमच्या दारात बसतो, पानी मागून पितो."

पुढचं सांगितलंय.

मातीला लोक आले. बेंबळीहून धोंडीबा आलता. दिग्विजयबी आलता, खांदा दिला तेनं. शिवकन्या म्हनली, आत्या, ते घोंगडं दादांच्या अंगावर घालू. म्या न्हाय घालू दिलं. म्हनलं, ते इकलेलं हाय, पोचायचं हाय अजून.

तिसरा झाल्यावर म्या मॅडमला फोन लावला. नंबर पहिल्या पार्सलाच्या चिठ्ठीवर व्हता. मला वाटलं शिव्या देईल, देऊ दे. आता पोलिसाचं भ्या कुनासाठी धरायचं.

म्या म्हनलं, "मी तेरहून बोलूलाले, बिरदेवची भैन. तुमचं दुसरं घोंगडं तयार हाय. पोचवायला उशीर झाला, पन माल तुमचाच हाय, मी बघते कसं पाठवायचं ते."

"मावशी, दुसरं कुठलं? मला पहिलं मिळालं की."

ती बोलतच ऱ्हायली. "सोसायटीच्या ऑफिसात पार्सलांच्या ढिगाखाली पडलं होतं. संक्रांतीला सापडलं. आई तर रोज तेच पांघरते. मी त्याच दिवशी ॲडमिनना कळवलं, फोटोसकट. काकांना सॉरी सांगा असंही म्हणाले. त्यांनी सांगितलं नाही का?"

म्या म्हनलं, "ग्रुपवर का न्हाय लिहिलंस पोरी? अन् पोलिसात जाते म्हनलीस ते?"

"त्या भांडणात मी ग्रुपच सोडला होता. ॲडमिन म्हणाले मी टाकतो. आणि काकांना थेट फोन करायचा नाही असा नियम होता ना. पोलिसात जाते असं? नाही हो, मी कशाला असं म्हणेन. काकांना द्या ना फोन, मी बोलते त्यांच्याशी."

म्या सांगितलं काका गेले. कसे गेले, कुठं गेले, कशासाठी निघालते, समदं सांगितलं. ती रडायला लागली. म्हनली, ते दुसरं पण मी घेते मावशी, पाठवा. म्या म्हनलं, "नको. तुज्या दारात येकदा पानी पिलंय. दुसऱ्याचं काय काम?"

फोन ठिवला अन् मी मागाच्या खड्ड्यापशी जाऊन बसले. संक्रातीला अर्धंबी झालं न्हवतं, ह्येच डोक्यात. तवा येक फोन आला असता तर दादा त्या खड्ड्यातनं वर आला असता. तिळगूळ द्यायला दिग्विजय आलता की घरी. दादानं खड्ड्यातनंच हात वर करून तिळगूळ घेतला. दिग्विजय म्हनला, "चालू द्या आप्पा, छान व्हऊलालंय." मालूम असून म्हनला.

दहाव्याला दिग्विजय आला. दाढी वाढवून, केळाची फनी घिऊन. शिवकन्येपुढं फोन धरला. "बग शिवा, ग्रुपवर श्रद्धांजली टाकलीय. किती लोकांनी हात जोडलेत." म्या वाकून बघितलं. तोच फोटो. फेट्यातला. सावधान पुसून कडंनं झेंडूची फुलं लावलेली. खाली, एक सच्चा कलाकार हरपला.

म्या म्हनलं, "दिग्विजय, संक्रातीला मॅडमनी तुला सांगितलतं का न्हाय?"

तेनं आधी शिवकन्येकडं बघितलं, मग केळाकडं. "आत्या, सांगनारच व्हतो. दुसरं व्हतच आलतं, म्हनलं पोचू द्या, येकदम गोड करून टाकू."

"व्हत आलतं? अर्धं झालं न्हवतं. तू सवता बघून गेलास."

"तवाच लिहिलं असतं तर लोकांनी मला धरलं असतं, आत्या. तपास न करता सावधान टाकलं म्हनून. ग्रुप बसला असता. तुमाला न्हाय कळायचं, चुलत्याला सोडलं न्हाय म्हनून तर लोक भरवशानं येऊलालेत."

"अन् पोलीस?"

"ते... दोघांचं बोलनं वाढू नये म्हनून."

"बरं. आता लिही. इथं बसून लिही. घोंगडं पोचलतं, बिरदेव चोर न्हाय."

तो हात जोडून म्हनला, "आता कशाला आत्या? मेलेल्या मानसाचा जुना इषय कशाला उकरायचा? आता समदे चांगलंच म्हनूलालेत की."

म्या म्हनलं, "मग तो फोटो तरी काढ. ज्या तोंडावर सावधान लिहिलंस त्याच तोंडाला फुलं लावतूस?"

तेनं काढला न्हाय. ताट वाढलतं, जेवला न्हाय. चप्पल घालताना म्हनला, "घरचीच मानसं अशी बोलल्यावर बाहीरच्यांचं काय." शिवकन्या तेच्या मागं जाऊन केळं परत दिऊन आली.

दिग्विजयनं लिहिलं न्हाय म्हनून मी आपल्या तेरच्या ग्रुपवर लिहूलाले. पहिलं घोंगडं पोचलतं. माजा भाऊ बिरदेव चोर न्हवता. तेनं चूक अंगावर घेतली कारन तेच्या हिशोबानं माल पानी पिऊस्तर आपला असतोय. तुमचा नियम दुसरा असंल तर असू द्या, पन तेच्या नियमावरनं तेला चोर म्हनू नका. ज्यांनी बाजारात तेचा आवाज वाजवला, तेंनी ह्येबी वाजवा. दुसरं घोंगडं वळनीवर हाय, सुतळी बांधलेलं. कुनी इचारू नका, ते इकायचं न्हाय.

मेंढरं मला येकटीला व्हईनात. येक येक करून दिली. शेवटची म्हातारी मेंढी धोंडीबानं मागितली. तो म्हनला, "गजराबाई, मी टेंपो घिऊन येतो, तुमी बसा घरी." म्या म्हनलं, न्हाय, मी येते संगं. टेंपोत मागं मेंढीजवळच बसले, बेंबळीपस्तर.

धोंडीबानं दारात घमेल्यात पानी ठिवलं. मेंढी वास घ्यायची अन् मान फिरवायची, बें बें करायची. धोंडीबाची बायकू चहा घिऊन आली. म्या म्हनलं, "आधी तिला."

धोंडीबा म्हनला, "जावा तुमी आता, तेरची गाडी चुकंल. पिईल ती तिच्या मनानं."

म्या म्हनलं, "चुकू द्या गाडी."

तो माज्या शेजारी उकिडवा बसला. चहा गार झाला. लिंबाची सावली घमेल्यावर आली. तवा मेंढी म्होरं सरली, दोनदा नाक फुरफुरलं अन् तोंड पान्यात घातलं. ती पिली, पोटभर पिली. म्या तिच्या गळ्यातली दोरी सोडली, हाताला गुंडाळली अन् मग चहाचा कप उचलला.